सोमवारची गोळी

एम.एस्सी.ला असताना केमोकाइन्सवर मी इतकी फिदा होते, की सुट्टीला शिरोळला गेल्यावर आईलाच शिकवणी लावली. नव्वदचं दशक सरत होतं. आईची बोटं नुकतीच सुजू लागली होती. म्हशीची धार काढताना ती ओठ दाबून धरायची.

मी सांगितलं, शरीरात कुठे बिघडलं की तिथल्या पेशी केमोकाइन नावाची बारीक प्रथिनं सोडतात. ती जिकडे दाट, तिकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी चालत येतात आणि जंतूंशी लढतात. काम झालं की बोलावणं थांबतं.

"म्हंजे आवताणच की," आई म्हणाली.

"व्हय. पण तुझ्या सांध्यात जंतू न्हाईत, तरी आवताण गेलंय. आलेलं पावणं आणखी पावणं बोलवत्यात, आणि सांधाच खात्यात."

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. रोज घेतली तर जिवावर बेतते, हे मला ठाऊक. मी दीडशहाणी, वार ठरवून दरडावलं, "सोमवारी, जेवल्यावर. दुसऱ्या वारी हात लावायचा न्हाय."

मग संशोधनासाठी पुण्याला गेले. गोळ्या तिथून पाठवायचे. फोनवर विचारलं की आई "चाललंय की" म्हणायची. दर सुट्टीला बोटं जास्तच वाकलेली दिसायची. आजार गोळीलाही जुमानत नाही, असं मी धरून चालले. दोन वर्षांनी साखर शोधताना फळीवर गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेली. मी ओरडलेच.

"सोमवारी जेवण कुठलं गं? शाबू खाल्ला म्हंजे जेवण न्हवं. दुसऱ्या वारी तूच नको म्हनलीस."

सोमवारचा दोन्ही वेळचा उपास तिने मी पुण्याला गेल्यावर धरला होता, मला नोकरी लागावी म्हणून. मला सांगितलंही नव्हतं.

गोळी बुधवारी सुरू केली. सूज उतरली, पण हाडं झिजली होती. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, आता बोटं सरळ होणार नाहीत. म्हशी विकल्या. पोलक्याची बटणंही वहिनी लावू लागली.

पुढे मला कॉलेजात नोकरी लागली. आईला पेढा बोटांत धरवेना. तळहातावर ठेवून तिने तो माझ्या तोंडाशी आणला.

"फळला बघ सोमवार," ती म्हणाली.

मी तो ओठांनी उचलला. खरं सांगते, थुंकून टाकावासा वाटला.