कपाट हलणार नाही

तेजश्रीच्या हॉलला भिंती चार. एकीत दार, दुसरीत खिडकी, तिसरीला देव्हारा. उरली ती एकच. तिला टेकून पुस्तकांचं कपाट उभं होतं आणि तीच भिंत नवऱ्याला, विलासला, टीव्हीसाठी हवी होती. पंचावन्न इंची!

कोपरखैरण्याच्या त्या घरात कपाट भरायला तिला वीस वर्षं लागली होती. बंद पडलेल्या वाचनालयातून गोणीत घालून आणलेली पुस्तकं, काही माहेरची, काही शेजाऱ्यांनी टाकून दिलेली. पहाटे पोथीचा अध्याय आणि दुपारी भांडी आवरली की यातलं एखादं. दोन्ही ती हात धुऊनच उघडायची.

"दिवसभर तुर्भ्याला मशीनचा आवाज ऐकायचा, आणि घरी येऊन बघायचं काय? ही धूळ?" विलास म्हणाला. "शनिवारी टीव्ही येतोय. रद्दीवाल्याला बोलव."

"पुस्तकाला पाय लागला की लेकीला नमस्कार करायला लावता ना तुम्ही?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

विलास टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

गुरुवारी आषाढी एकादशी आली, चातुर्मासाचा नेम धरायचा दिवस. सासूबाई, म्हणजे माई, दरवर्षी वांगं सोडायच्या आणि कार्तिकीपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. तेजश्री ताम्हण घेऊन देवापुढे बसली.

"अहो, हाताला हात लावा. संकल्प सोडतेय."

एरवी पूजेला विलास बसायचा आणि ती त्याच्या हाताला हात लावायची. आज उलटं. विलास मोबाईलवर टीव्हीचेच फोटो बघत होता. त्यानं मान वर न करता हात पुढे केला.

"कार्तिकीपर्यंत रोज दिवेलागणीला या कपाटातल्या पुस्तकाचं एक प्रकरण घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवीन," तेजश्री खणखणीत म्हणाली. "तोवर कपाट जागचं हलणार नाही." आणि तिनं पाणी सोडलं.

"हां, हां," विलास म्हणाला.

माईंची जपमाळ थांबली. "अगो, नेमात गोष्टींची पुस्तकं? पोथी वाच."

"पोथी वाचतेच, माई. पण देव तेवढ्यातच मावतो असं कुणी सांगितलं? त्या कपाटात एका नर्सबाईंचं आत्मचरित्र आहे. चाळीस वर्षं कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्यात त्यांनी. देव तिथे नसेल तर कुठे असेल?"

माई नुसत्या "हूं" म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी दोन माणसं खोका घेऊन वर आली. विलासनं कपाटाला हात घातला, तर तेजश्री पाठ टेकून उभी.

"सरक ना. माणसं खोळंबलीत."

"संकल्प आहे."

"तुझा आहे!"

"आपला आहे. हात तुमचाही होता."

"मी कुठे ऐकलं होतं?"

कॉलेजातून आलेली अबोली दारातच फिसकन हसली. "बाबा, टर्म्स अँड कंडिशन्स न वाचताच ओके केलंत!"

विलास आईकडे वळला. "माई, तूच सांग हिला."

माईंना ते वाचन रुचलं होतं अशातला भाग नव्हता. दोन्ही दिवस त्या तोंड वाकडं करून बसल्या होत्या. पण नेमाच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"जोडीनं पाणी सोडलंत ना? मग चार महिने कपाटाला हात लावायचा नाही. मी मागते का भरलं वांगं?"

"आणि चार महिन्यांनी?" विलासनं चिडून विचारलं.

"तुम्ही सांगाल ती पुस्तकं काढीन," तेजश्री म्हणाली. "पण आधी एकेक वाचायचं, आणि ते टाकण्याजोगं का, हे देवापुढे बसून मला सांगायचं. न वाचलेलं एकही उंबऱ्याबाहेर जाणार नाही."

माणसांनी खोका पॅसेजमध्ये उभा केला, सही घेतली आणि निघून गेली. तेजश्रीनं दिवा लावला. पुस्तक काढलं.

"बसा."

विलास बसला, पण मुद्दाम तिच्याकडे पाठ करून. तिनं आवाज चढवला आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.