बॉनेटची दांडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या मते तिचा नवरा तापट, पण वेळेला धावून जाणारा. खांदा कॉलनीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं तेच मत. असू दे, म्हणत आलो इतकी वर्षं.

नामदेव आमचा मेकॅनिक. रोडपालीला त्याचं गॅरेज. बडबड्या, थोडा खवचट, पण कामाला चोख. त्याचा एक नियम — इंजिन खोललं की गिऱ्हाइकानं येऊन स्वतः बघायचं, मगच तो पुढे हात लावणार. त्या दिवशी मी न्हावा शेव्याला ऑफिसात होतो. त्याचा फोन आला. गॅस्केट बदलायला इंजिन खोललं, तर आतलं हेडच वाकलंय, खर्च दुपटीवर जाईल, बघून जा. मी खेकसलो — बघायचंय काय त्यात, करून टाक.

बघायला जायचंच नव्हतं मला. का? हेड कशानं वाकलं ते मला ठाऊक होतं ना! ट्रेलरच्या रांगेत अडकलो होतो, इंजिन तापून काटा लाल रेघेवर गेला होता, तरी एसी बंद केला नाही. थांबलो नाही. गाडी तशीच रेटत आणली घरापर्यंत.

आणि बायकोला घेऊन गाडी आणायला गॅरेजवर गेलो, तेव्हा बिल हातात आल्यावर उलटलो. कोणाला विचारून केलंस, मी कधी हो म्हणालो — तोंड वर करून विचारलं. त्याला चोर म्हणालो. त्याच्या आईवरून बोललो. बायको दंड धरून मागे ओढत होती, तिला असं झटकलं की ती टायरांवर जाऊन आदळली. नाक्यावरचे रिक्षावाले गोळा झाले.

नामदेव आवाज चढवत नव्हता. त्याचाच जास्त राग आला. नवीन काम दाखवायला त्यानं बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं होतं. बॉनेट मिटतं तिथल्या पुढच्या पत्र्यावर हात ठेवून तो माझ्या बायकोकडे वळला.

“वहिनी, गाडी पेटेपर्यंत हाकलतात साहेब, आनि चोर आमी?”

रिक्षावाले हसले.

माझं टाळकं सटकलं — नाही, असं म्हणणं ही पळवाट झाली. मला स्वच्छ दिसत होतं. त्याची बोटं कुठे आहेत तेसुद्धा. मी अंगाआड, कोणाला दिसणार नाही अशी दांडी काढली आणि दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून बॉनेट खाली आपटलं.

हाड मोडल्याचा आवाज ऐकलाय कधी? मी ऐकला. आणि खरं सांगू? बरं वाटलं. तो किंचाळला, तरी मी दाबूनच धरलं होतं. सोडवत नव्हतं.

मग ओरडलो — दांडी निसटली! सगळ्यांना वाटलं, पडतं बॉनेट धरायला मी झेपावलो. त्याला माझ्याच गाडीतून हॉस्पिटलात नेलं. बायकोनं ओढणी गुंडाळली होती त्याच्या हाताला, तरी सीटवर रक्त ठिबकत होतं. आणि गाडी काय सुरेख चालत होती! त्यानंच केलेलं काम.

त्याची दोन बोटं सरळ झालीच नाहीत. इंजिनाचं बारीक काम सुटलं. आता ऑइल बदलतो, पंक्चर काढतो. त्या बिलाचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. मीही नाही.

परवा ऑइल बदलायला गेलो होतो. एक नवीन गिऱ्हाईक उघड्या बॉनेटखाली वाकून बघत होतं. नामदेवनं त्याला बाजूला केलं, वाकड्या बोटांनी दांडी दोनदा हलवून बघितली आणि माझ्याकडे मानेनं खूण केली.

“माजीच चूक, दांडी नीट लावली नव्हती. हे साहेब होते म्हनून हात तरी वाचला.”

गिऱ्हाईक माझ्याकडे आदरानं बघायला लागलं. आणि मी — दरवेळेसारखी — मान डोलावली.