पहिल्या नंबरचं पान

अमरावतीला कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. शेतीची माहिती देणारी वेबसाइट. मी अकोल्याहून जाऊन-येऊन लिहायचो. साहेबांचा हुकूम एकच: रोज वीस पानं. पानं जास्त, तर वेबसाइट सर्चमध्ये वर.

वीस पानं कशी पाडतात ते सांगतो. एक लिहायचं, बाकीच्यांत नावं बदलायची. संत्र्याच्या आंबिया बहाराचं पान घेतलं आणि ‘आंबिया’च्या जागी सगळीकडे ‘मृग’ करून टाकलं. महिने तेच राहिले. आंबियाची फुलं हिवाळ्याच्या शेवटी येतात, त्यासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतात. मृगाची फुलं पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात; डिसेंबरात त्याची फळं झाडावर असतात, त्यांना पाणी हवंच. हे मला ठाऊक होतं. तरी पान परत वाचलं नाही. पोट होतं, साहेब होते, असलं काही मी सांगणार नाही.

शेंदूरजनाघाटला माझ्या मामाची बाग. गारपिटीत आंबिया दोनदा गेला, म्हणून त्याने पहिल्यांदाच मृग धरला होता. डिसेंबरात गेलो, तर झाडांखाली फळांचा सडा.

“पाणी काहून तोडलं, मामा?”

“मोबाइलवर होतं ना. पह्यल्या नंबरवर. पह्यला नंबर का असाच भेटते, भाचेबुवा?”

मी खाली बसून फळं वेचू लागलो. ते पान माझं, हे तीन वर्षं सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात ते पान उघडलं, महिने दुरुस्त केले आणि सगळ्यात वर लिहिलं: इथे चुकीचं छापलं होतं, लिहिणारा मीच. साहेब म्हणाले, “ती ओळ काढा.”

“नाही काढणार. मला काढा.”

काढलं नाही. वीस पानं पाडणारा दुसरा कुठून आणणार?

मग मामाकडे गेलो आणि सांगून टाकलं.

“तीन वर्स माह्या घरी जेवून राहिला, अन् आता सांगतं?”

मी मान खाली घातली नाही. त्याने मोबाइल मागितला, नवं पान शेवटपर्यंत वाचलं.

“भारी जमिनीत ताण किती दिवस, हलक्या जमिनीत किती, हे कुठी हाय?”

“नाही लिहिलं.”

“मंग लिव्ह. बस इथं.”

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “आज किती पानं झाली?”

“एक,” मी म्हणालो. “तेही अजून पुरं व्हायचंय.”