ताईंनी राखलेली कुपी

पेशी वाढवण्यात आमच्या प्रयोगशाळेत ताईंचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मी खालच्या मजल्यावर उंदरांची पैदास सांभाळतो. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, कोणाची जोडी कोणाशी लावायची ते बघणं. माझे उंदीर निदान चावतात, म्हणजे जिवंत आहेत हे कळतं. ताईंचं सगळं बाटलीत. माणसाच्या पेशी चपट्या बाटलीत गुलाबी द्रवात वाढवायच्या, दर दोन दिवसांनी द्रव बदलायचा, बाटली भरली की अर्ध्या दुसऱ्या बाटलीत घालायच्या. काही छोट्या कुपीत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या. तिथे त्या वर्षानुवर्षं राहतात, एका दिवसानंही म्हाताऱ्या होत नाहीत.

"उंदीरमामा, दारातच थांबा, भुसा आणाल आत," असं म्हणून मला हाकलायच्या. हे नावही त्यांनीच पाडलेलं.

ताईंचा नवरा आमच्या संस्थेची गाडी चालवायचा. माझा दोस्तच, म्हणून एकेरी. एकदा प्रयोगाला निरोगी माणसाची कातडी हवी होती. एकही साहेब पुढे येईना, तेव्हा यानं बाही वर केली. दंडावरून डाळीएवढा तुकडा काढून पेशी वाढवायला ताईंकडे दिला. वर म्हणतो कसा, "बायकोच्या हाताखाली चाललोय, मरायची काय बिशाद!" दोन वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, छातीत कळ येऊन तो गेला. रोज सकाळी फाटकातून शिरताना माझ्यासाठी उगाच हॉर्न वाजवायचा. त्या हॉर्नसाठी माझे कान अजून तरसतात.

प्रयोग केव्हाच संपला. टाकीत त्याच्या पेशींची एकच कुपी उरली. ताई दरवर्षी लग्नाच्या तारखेला ती काढायच्या, पेशी वाढवायच्या, आठवडाभर सूक्ष्मदर्शकातून बघत बसायच्या आणि पुन्हा एका कुपीत गोठवायच्या. साहेबांची परवानगी होती, पण यात शहाणपण नव्हतं. कातडीच्या पेशी मोजक्याच वेळा दुप्पट होतात, मग थांबतात. किती पिढ्या झाल्या तो आकडा कुपीवर लिहावा लागतो, आणि दरवर्षी ताई आधीपेक्षा मोठा आकडा लिहायच्या. नव्या पोरींना मात्र ओरडून शिकवायच्या, "उगाच काढघाल करू नका, आयुष्य सरतं त्यांचं!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एकवीस वर्षं असं चाललं. मग ताईंची निवृत्ती आली. साहेब भला माणूस. म्हणाले, "ताई, ती कुपी मुख्य साठ्यात पाठवू. कायम राहील." पण तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. आणि आता बाहेर काढली तर परत गोठवण्याजोगं काही उरणार नाही, हे ताईंना आकड्यावरूनच कळत होतं.

मी चिडलो. "जाऊ द्या की साठ्यात! आहे तसा राहील तरी तो."

"राहतील हो," ताई म्हणाल्या. "पण मला भेटणार नाहीत."

मी खाली आलो आणि दोन पिंजरे विनाकारण पुन्हा धुतले.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी कुपी काढली. बर्फाचा शेवटचा कण विरेपर्यंत कोमट पाण्यात हलवत धरली. तीन दिवसांनी मला स्वतःहून वर बोलावलं, भुशासकट.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. फार पूर्वी एकदा दाखवल्या होत्या, तेव्हा पेशी बारीक, लांबट, एका दिशेनं घाईत निघालेल्या दिसल्या होत्या. आता मोजून दहा-बारा. पसरट, सुस्त, जागच्या जागी बसलेल्या.

"संपल्या का हो?" मी विचारलं.

"संपल्या नाहीत. म्हाताऱ्या झाल्यात." ताईंनी मला बाजूला सारलं आणि स्वतः पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना म्हातारपणी बघायचं राहूनच गेलं होतं, मामा."

मी मागून स्टूल सरकवून दिलं. त्या बसल्या. डोळे तिथून न हलवता त्यांनी एका हातानं आपले पांढरे केस सारखे केले.