डोळ्यांना रंग बसत नाही

माझी धाकटी जाऊ सूत रंगवते. तीस वर्षं मीही तेच केलं. आता गुडघे बोलायला लागले, म्हणून कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून लड्या सोडवते आणि तिच्या कामात खोड्या काढते. तिला सगळे 'कढई' म्हणतात. लवकर तापते, सावकाश निवते.

रंगाऱ्याच्या घरात माणसाच्या रंगाकडे कोण बघतं? निळं काम असलं की कोपरापर्यंत निळं, लाल असलं की खाटकासारखं. त्या महिन्यात पिवळ्या सुताची मोठी मागणी आली. कढईचे हात पिवळे झाले, मग गळाही. मी म्हटलं, "अगं, रंगाच्या भट्टीत बुडी मारलीस काय? घास जरा!"

"घासतेय की, आक्का. आता साल तेवढी निघायची राहिलीय."

मी माझी टाचा घासायची वजरी दिली आणि वर म्हटलं, जोर लाव.

तिच्या अंगाला खाज सुटली. मी म्हटलं, रंग बाधला. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. म्हटलं, आगीशी उभी राहतेस आणि पाणी पीत नाहीस. अन्नावरची वासना गेली, उजव्या बरगडीखाली कळ यायची. म्हटलं, ओलं सूत उचलून भरली असेल. प्रत्येक दुखण्याला माझ्याकडे कारखान्यातलं एक कारण तयार. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

पिवळं काम संपलं, निळी भट्टी लागली. आमचा पिवळा चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो, हे मला झोपेतही सांगता येईल. आठ दिवस झाले, तिचे हात निळे आणि गळा पिवळाच. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

एका सकाळी ती माझ्यापुढे खिडकीत येऊन उभी राहिली. "आक्का, डोळ्यात काहीतरी गेलंय. बघा जरा."

मी अंगठ्याने पापणी खाली ओढली. आतलं पांढरं पिकल्या लिंबासारखं पिवळं! रंग नखात शिरतो, केसांत शिरतो. डोळ्यांना रंग बसत नाही.

"काय, कुसळ आहे का?"

"नाही. चपला घाल."

"भट्टी पेटलीय!"

"पेटू दे. चपला घाल म्हणते ना!"

रिक्षात तिला हुडहुडी भरली. दातावर दात वाजायला लागले, अंग निखाऱ्यासारखं. मध्येच म्हणाली, "आक्का, लाल सूत उलटवलंत का?" लाल काम होऊन वर्ष लोटलं होतं. तिचा हात मी असा धरला, जसा काही तो निसटूनच जाणार होता.

डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने विचारलं, "शौचाचा रंग कसा होता?"

कढईने मान खाली घातली. "पांढरट. मातीसारखा. पंधरा दिवस झाले."

"आणि मला बोलली नाहीस?"

"ते काय सांगायचं, आक्का?"

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि मला समजावलं. रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यातून पिवळा रंग सुटतो. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं. हिच्या पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. रंग खाली उतरेना, तो रक्तात चढला. मोरी तुंबली की पाणी घरात शिरतं, तसं.

"कावीळ ही खूण असते, आजी. कुणाला घाण पाण्याने होते, कुणाला दारूने, कुणाला औषधांनी. कारण शोधावंच लागतं. यांच्या तुंबलेल्या पित्तात जंतू झालेत. ते रक्तात पसरले, तर..."

तोंडातून नळी घालून खडा काढायला तिला आत नेलं. जाताना चादरीबाहेर तिचं मनगट दिसलं. त्यावर माझ्या वजरीचे ओरखडे होते. तिचा नवरा, माझा दीर, बाकावर शेजारी बसला होता. एकदाच म्हणाला, "वहिनी, आपल्याला कसं दिसलं नाही?" दार उघडेल या भीतीने मी दाराकडे बघत नव्हते आणि उघडणारच नाही या भीतीने पुन्हा पुन्हा तिकडेच बघत होते.

खडा निघाला. तरी दुसऱ्या दिवशीही ताप होता, ती कुणाला ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पिवळेपणा तसाच. "तो हळूहळू जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा धीर कुठला? मी वाकून तिची पापणी ओढायला गेले.

"आक्का, बोट काढा आधी! हात धुतलेत का?"

कढई तापली होती. मला बाकावर बसून रडू आलं.

आता पिवळी भट्टी लागली की मी तिला आधी खिडकीत उभी करते. ती चिडते, दात-ओठ खाते. मी पापणी ओढते आणि पांढरं दिसेपर्यंत श्वास सोडत नाही.