डाव्या चाकाचं वंगण

आमच्या घरात तेल दोन जागी असे. एक देवाच्या कोनाड्यात आणि दुसरं चुलीमागच्या काळ्या गाडग्यात. देवाच्या तेलात कमीजास्त झालं तर सासूबाई एखादा शब्द बोलून सोडून देत. गाडग्यातलं सांडलं तर मात्र दिवसभर ऐकावं लागे. ते गाडीचं वंगण होतं, आणि आमचं घर त्या गाडीवर चालत होतं.

घर कोपरीला, खाडीच्या अंगाला. आमचे हे मिठागरावरचं मीठ भरून ठाण्याच्या स्टेशनाजवळच्या गुदामात पोचवत. चाकं लाकडी, आस लोखंडी. चाकाच्या मधल्या तुंब्याला आतून लोखंडी कडं असतं, ते आसावर फिरतं. मध्ये वंगण नसलं की लोखंड लोखंडाला खातं. वंगण चुलीवर होतं, म्हणून ते काम बायकांचं. एरंडेल कढवायचं, त्यात काजळी घालायची आणि पुढचं ऋतू बघून ठरवायचं. थंडीत एरंडेल आपणहून जड होतं, म्हणून करंजाचं तेल घालून ते सैल करायचं. उन्हाळ्यात ते गळायला लागतं, म्हणून राळ घालून दाट करायचं. पळीवरून धार कशी पडते ते बघायचं आणि थांबायचं. सासूबाई म्हणत, मला धार बघावी लागत नाही, नुसत्या आवाजावरून कळतं. एकदा त्यांची पाठ वळलेली असताना मी पळीने साधं पाणी सोडलं. त्यांनी मान हलवून आता बरोबर झालं म्हणून सांगितलं.

वंगण बदलायचा दिवस अवसेचा, म्हणजे अमावास्येचा. त्या दिवशी आमच्यात बैल जुंपत नसत. बैल खाडीवर धुवायचे, चाकं उतरवायची, तुंब्यातली जुनी घाण चिंधीने पुसून काढायची आणि नवं वंगण भरायचं. एरवी गाडीखाली टांगलेल्या वेळूच्या नळीतून रोज बोटभर वरून सोडायचं, एवढंच. कामाच्या दिवशी धडधाकट गाडीचं चाक उतरवणं अशुभ मानत. का ते मी विचारलं होतं. विचारल्याचा राग मात्र सगळ्यांना आला.

मग गुदामात मिठाची मागणी वाढली. पूर्वी गाडी दिवसातून एखादी फेरी करी, ती आता उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत धावू लागली. अवस मात्र जिथे होती तिथेच राहिली. मधेच वंगण सुकून चाक रडायला लागलं, तेव्हा ह्यांनी मला राळ घालून चांगलं दाट करायला सांगितलं. पौषाचा महिना होता. थंडीत राळ घालत नाहीत, असं मी म्हटलं. अवसेपर्यंत टिकायला हवं, असं हे म्हणाले. सासूबाईंनी मुलाची बाजू घेतली, तेव्हा प्रश्न मिटला.

त्याच महिन्यात पांढरा मागे पडू लागला. आमची जोडी तांबड्याची आणि पांढऱ्याची. पांढरा कायम डाव्या अंगाला. तो आमच्याच गोठ्यात जन्मला होता आणि त्याच्या आईला दूध नव्हतं, म्हणून ह्यांनी त्याला पेज पाजून वाढवला होता. मिठागरावरून आले की ह्यांच्या हातांवर मीठ वाळलेलं असे. पांढरा ते कोपरापर्यंत चाटून काढी, आणि तोवर हे जेवायला बसत नसत. तसला बैल आता गुदामाच्या चढाला थांबायचा आणि तोंडाला फेस आणायचा. गाडी सारखी डावीकडे ओढ घ्यायची. मिठागरावरचे लोक म्हणू लागले, बैल उतरला, आता काढून टाका.

उतरलेला बैल बाजारात कोण घेतं आणि कशासाठी घेतं, ते आम्हाला ठाऊक होतं. ह्यांनी दोन बाजारांतून पांढऱ्याला न विकता तसाच परत आणला. तिसऱ्या बाजारी शीळेकडचा एक शेतकरी भेटला. हा चढाला दमतो, असं ह्यांनी त्याला आपणहून सांगितलं. तरी त्याने घेतला. पांढऱ्याचं दावं घेऊन हे घरी आले आणि ते गोठ्यात न टांगता माळ्यावर टाकलं. त्या दिवशी मी पुष्कळ रडले. ह्यांचं मला माहीत नाही, हे पाठ करून बसले होते.

नवा बैल तरणा, मानेने जाड. त्याला डावीकडे जुंपला. थोड्याच दिवसांत तोही त्याच चढाला थांबला. तोच फेस, तीच डावीकडची ओढ.

त्या दिवशी हे भरली गाडी घेऊन तशीच दारात आले. बैल सोडले, मीठ उतरवलं आणि अवस नसताना डावं चाक काढलं. सासूबाई आत निघून गेल्या. तुंब्यात बोट घातलं तर वंगण कसलं, काळी कणी निघाली. राळ थंडीने घट्ट झाली होती आणि तिच्यात मीठ मुरलं होतं. मिठागरावर गाडी नेहमी डावी बाजू बांधाला लावून उभी राहायची आणि मिठाच्या गळक्या पाट्या त्याच चाकावरून आत जायच्या. वरून सोडलेलं बोटभर तेल त्या घाणीवर नुसतं बसत होतं. आसावर ओरखडे पडले होते. उजवं चाक काढून पाहिलं, ते बरं होतं.

ह्यांनी काळे झालेले हात चिंधीला पुसले. मग म्हणाले, "बैल नव्हता दमलेला."

तेव्हापासून मी राळ उन्हाळ्याशिवाय घातली नाही. हे दर आठवड्याच्या बाजारादिवशी चाक उतरवू लागले. अशुभ काही घडलं नाही. सासूबाई वाट बघत होत्या, असं मला वाटे.

पुढच्या वर्षी माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही शीळेच्या बाजूला गेलो. लग्नाला जायचं म्हणून हे सकाळी शिकेकाई लावून न्हाले होते आणि धुतलेला सदरा घातला होता. चढावर समोरून पेंढ्याची उंच गाडी आली. डावीकडे पांढरा होता. चढाला न थांबता तो जोडीदाराच्या वीतभर पुढे चालत होता.

ह्यांनी गाडी थांबवली, त्या शेतकऱ्यानेही थांबवली. हे उतरले. मला वाटलं बैलाकडे जातील, पण हे आधी चाकापाशी गेले आणि तुंब्यावर तळहात ठेवला. तुंबा गार होता. वंगण कधी बदलता, असं ह्यांनी विचारलं.

"तुंबा हाताला ऊन लागला का बदलतो," तो म्हणाला. "अवसंची वाट कोन बगतंय?"

ह्यांनी मान हलवली. बैल परत देता का, असं विचारतील म्हणून मी थांबले होते. ह्यांनी विचारलं नाही. मग हे पुढे होऊन पांढऱ्यासमोर उभे राहिले. त्याने मान लांबवली आणि ह्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चाटायला सुरुवात केली. त्या हातावर त्या दिवशी मीठ नव्हतं. तरी तो चाटत राहिला, आणि हे सदऱ्याची बाही वर सरकवत राहिले.