गोदूबाईची निशाणी बांगडी

आई जर्मनीत, वाल्डॉर्फला आपल्याकडे सहा महिने करणार काय, ही काळजी विनयला. मालिनीबाईंना मुळीच नव्हती. साताऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं मोडीची दप्तरं उलगडलेली बाई ती! निवृत्तीनंतरही वकील मंडळी जुने कागद घेऊन दारात हजर असायची.

सून ईप्सिता हायडेलबर्गच्या एका संस्थेत पीएचडी करत होती. विषय होता व्हिटकोम नावाचं विलायती सरदार घराणं आणि साताऱ्याच्या डोंगरातले त्यांचे कॉफीचे मळे. कागद घराण्याचेच, संस्थेला वापरायला दिलेले. शुक्रवारी त्यांचं प्रदर्शन होतं आणि खुद्द लॉर्ड व्हिटकोम यायचे होते.

"अहो आई, मांडणी बघायला येता?" गुरुवारी ईप्सिताने विचारलं, आणि दोघी बसने निघाल्या.

संस्थेच्या दालनात काचेखाली एकच मोडी कागद होता. पाटीवर लिहिलेलं, 'जमीनधारकाची संमती, १८५३'. घराण्याच्या कुणा कारकुनाने कागदामागे इंग्रजीत तसंच खरडून ठेवलेलं, आणि तेव्हापासून तो पुन्हा वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. ईप्सिताला मोडी येत नव्हती. खालच्या गोल खुणेला तर यादीत 'कपाचा डाग' म्हटलेलं.

"डोंबलाचा डाग!" मालिनीबाई उखडल्या. "अगं, बांगडी आहे ती. सही न येणारे कुणबी नांगर काढायचे आणि बाया बांगडी. सही आहे ही, सही!"

चष्मा सरसावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "ही संमती नाही गं. कुणी गोदूबाई आहे, आणि ती चक्क नाही म्हणतेय."

ईप्सिताने आधी दालनाचं दार लोटून घेतलं. लॉर्ड बिथरले आणि कागद परत घेऊन गेले, तर चार वर्षांची मेहनत पाण्यात. "आई, डिग्री हातात पडेपर्यंत नाही का थांबता येणार?"

मालिनीबाईंना रागही आला आणि पोरीची कीवही आली. "कागदात आहे ते मी वाचलं. पुढचं तुझं तू ठरव," त्या म्हणाल्या. पण सून कच खाणार नाही, याची त्यांना खात्री होती.

शुक्रवारी लॉर्ड आले. उंच, वाकलेले, फार अदबीने बोलणारे. हा कागद लहानपणी आजोबांच्या खोलीत भिंतीवर असायचा, असं कौतुकाने सांगू लागले. मालिनीबाईंना ही लिपी येते हे कळताच म्हणाले, "वाचून दाखवाल? ही भाषा कानावर कधी पडलीच नाही."

बाईंनी कचेरीतल्या ठणठणीत आवाजात वाचलं, "'जमीन सासऱ्याची, त्यांचे मागे माझी. साहेबांनी तीन वेळ माणूस पाठविला. जमीन देत नाही, देणार नाही. निशाणी बांगडी, गोदूबाईची.'"

"वा! अर्थ काय?" लॉर्ड हसून ईप्सिताकडे वळले.

तिचे प्रोफेसर शेजारीच उभे. मालिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ईप्सिताने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. 'देणार नाही' तर तिने दोनदा सांगितलं.

लॉर्डांचं हसू मावळलं. ते काचेवर वाकले आणि बांगडीची खूण जवळून बघू लागले.

"सगळे कागद इथेच राहू द्या," अखेर ते म्हणाले. "पावणेदोनशे वर्षं आम्ही या बाईंचा नकार भिंतीवर मिरवला."